हिमोग्लोबिन १९

आपल्याकडे हिमोग्लोबिनची एकच काळजी माहीत आहे, ते कमी पडण्याची. ती खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. शाळेतल्या लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, बीट, डाळिंब ही सगळी धडपड तो आकडा वर चढवण्यासाठी. त्यामुळे कुणाच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन १८ किंवा १९ दिसलं की घरचे खूश होतात. ‘रक्त अगदी भरपूर आहे’ म्हणतात आणि कागद फाइलला लावून टाकतात. मी कराडला पॅथॉलॉजीची लॅब चालवते. असे कागद मला अस्वस्थ करतात, कारण त्या चढलेल्या आकड्यामागे कधी कधी रक्ताचा एक संथ कर्करोग असतो. तो ओळखायला सोपा आहे, आवरता येण्याजोगा आहे, आणि केवळ कुणी लक्ष दिलं नाही म्हणून अर्धांगवायू होईपर्यंत तसाच राहतो.

आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक त्वचेच्या डॉक्टरांकडून तपासणीसाठी आले होते. तक्रार खाजेची. खाज सुटायची ती आंघोळ झाल्यावरच, आणि पाणी कढत असलं की जास्त. साबण बदलून झाला, विहिरीचं पाणी सोडून नळाचं घेऊन झालं, मलमं झाली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत लाली. गावातले लोक त्यांना ‘गुरुजी, काय तुकतुकीत दिसताय’ म्हणत.

जांभळ्या टोपणाची ट्यूब हलवतानाच रक्त कडेला धरून सावकाश उतरताना दिसलं. काचपट्टीवर थेंब ठेवून दुसऱ्या पट्टीने ओढला, तर फिल्म जाडजूड आली, पेशी एकमेकींवर चढलेल्या. अशा रक्ताला ओढणारी पट्टी नेहमीपेक्षा बरीच कलती धरावी लागते, तेव्हा कुठे टोकाकडे पेशी सुट्या पडतात. ईएसआरच्या नळीत तासाभराने पाहिलं, तर रक्त एक मिलिमीटरच खाली बसलं होतं. मशिनने दिलेले आकडे असे: हिमोग्लोबिन १९.४, हिमॅटोक्रिट ५९, पांढऱ्या पेशी १६ हजार, प्लेटलेट ६ लाख ८० हजार. हिमॅटोक्रिट ५९ म्हणजे रक्ताच्या १०० भागांतले ५९ भाग नुसत्या लाल पेशींचे.

एकट्या लाल पेशी वाढल्या असत्या तर मी आधी विडी-सिगारेटचं विचारलं असतं, फुप्फुसाच्या जुन्या आजाराचं, रात्री घोरताना श्वास अडकतो का याचं. ऑक्सिजन कमी पडला की शरीर लाल पेशी वाढवतं, ती त्याची गरजच असते. इथे तिन्ही जातींच्या पेशी वाढल्या होत्या. ती खूण वेगळी.

“मॅडम, रक्त जास्त असणं वाईट कसं?” गुरुजींनी विचारलं. दाट रक्त संथ वाहतं, त्याच्या गुठळ्या होतात, त्या मेंदूत, हृदयात, यकृताच्या शिरांत अडकतात, असं मी सांगितलं. त्यावर गणित शिकवण्यात हयात घालवलेल्या त्या माणसाने खरा प्रश्न विचारला. “पण पुरे झालं, हे शरीराला कळत कसं नाही?”

त्याचं उत्तर देण्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

शरीराला ते कळतं, आणि फार नेमकं कळतं. प्रौढ माणसाच्या हाडांमधल्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास लाल पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते. किती बनवायच्या हे मज्जा स्वतः ठरवत नाही, मूत्रपिंड ठरवतं. तिथल्या काही पेशी रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवून असतात आणि तो घटला की एरिथ्रोपोएटिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या घरी हे नाव माहीत असतं. मूत्रपिंड निकामी झालं की हे प्रथिन बनणंही थांबतं, म्हणून ते इंजेक्शनने द्यावं लागतं. ऑक्सिजनची ही चाहूल पेशींना कशी लागते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं.

हे प्रथिन माणसाच्या हाती लागलं त्याची हकिकत मला फार प्रिय आहे. शिकागो विद्यापीठातल्या युजीन गोल्डवॉसर यांनी १९५५ मध्ये त्याचा शोध सुरू केला. थोड्या महिन्यांचं काम वाटलं होतं, त्याला वीस वर्षांहून जास्त लागली. रक्तात ते इतकं विरळ असतं की वेगळं काढायचं कसं हाच प्रश्न होता. वाट जपानमधून निघाली. कुमामोतोचे डॉक्टर ताकाजी मियाके अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांची लघवी जमवत होते. या रुग्णांची मज्जाच वठलेली असते. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडत राहतं, मज्जेकडून काहीच होत नाही, मूत्रपिंड आणखी सोडतं, आणि ते लघवीवाटे वाहून जातं. मियाके यांनी अशी २,५५० लिटर लघवी गोळा केली, ती आटवून सुकवली आणि ती पूड घेऊन ते शिकागोला गेले. त्यातून निघालं जेमतेम ८ मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन. १९७७ मध्ये तो निबंध छापून आला. आज डायलिसिस सेंटरच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या त्या छोट्या सिरिंजा पाहिल्या की मला ते रुग्ण आठवतात. त्यांच्या स्वतःच्या मज्जेला त्या प्रथिनाचा काही उपयोग नव्हता.

एरिथ्रोपोएटिन हा एक ग्रोथ फॅक्टर, पेशींना वाढीचा निरोप देणारा रेणू. त्याचे भाऊबंद पुष्कळ. थ्रॉम्बोपोएटिन प्लेटलेट वाढवतं, जी-सीएसएफ पांढऱ्या पेशी वाढवतं. किमो झाल्यावर पोटावर टोचतात ते ‘काउंट वाढवायचं इंजेक्शन’ म्हणजे हेच जी-सीएसएफ. यातला कुठलाच रेणू पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणात त्याच्यासाठी रिसेप्टर बसवलेला असतो, त्याचं तोंड बाहेर आणि शेपूट आत. दारावरच्या बेलसारखा हा प्रकार आहे. पाहुणा बाहेर बटण दाबतो, आवाज घरात होतो. बटण दाबलेलंच अडकून बसलं, तर दारात कुणी नसतानाही बेल वाजत राहते.

आत काय घडतं ते जरा जवळून पाहू, कारण सगळा आजार तिथेच आहे. एरिथ्रोपोएटिनचा रेणू येऊन बसला की रिसेप्टरच्या दोन साखळ्या जवळ येतात. त्यांच्या शेपटांना जॅक-टू नावाचं एंझाइम चिकटलेलं असतं. दोन जॅक-टू समोरासमोर आले की एकमेकांवर फॉस्फेटचा कण चढवतात आणि जागे होतात. मग ते रिसेप्टरच्या शेपटावर ठिकठिकाणी फॉस्फेट लावतात. त्या जागांवर स्टॅट-फाइव्ह हे प्रथिन येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट लागतो, त्याच्या जोड्या जमतात आणि त्या पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पेशीला मरू न देणं. लाल पेशी होऊ घातलेल्या पेशी मज्जेत गरजेपेक्षा किती तरी जास्त जन्मतात. निरोप मिळाला त्या जगतात, न मिळाला त्या मरून जातात.

लगेच दुसरी बाजूही सुरू होते, आणि पाठ्यपुस्तकं तिला फार थोडी जागा देतात याचं मला वाईट वाटतं. शेपटाच्या अगदी टोकाकडे आणखी एक फॉस्फेट लागतो. तिथे एसएचपी-वन नावाचं एंझाइम येतं आणि जॅक-टूवरचा फॉस्फेट काढून टाकतं. निरोप थांबतो. म्हणजे चालू करण्याची आणि बंद करण्याची, दोन्ही सोय एकाच शेपटावर. शिवाय जॅक-टूच्या अंगातही स्वतःला आवरण्याची तजवीज आहे. त्याचा एक भाग काम करतो आणि त्याला लागून असलेला दुसरा भाग, दिसायला तसाच पण जवळपास काहीच काम न करणारा, त्या पहिल्याला दाबून धरतो. रक्ताच्या या कर्करोगांत जे मोडतं ते बहुतेक वेळा हे आवरणारे भाग. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

शेपटाचं टोक नसेल तर काय होतं, हे फिनलंडच्या एका कुटुंबाने दाखवून दिलं. लॅपलंडमधल्या पेल्लो गावचा ईरो मेंटिरांटा हा बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमधला महान खेळाडू. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं मिळवली, १५ किलोमीटरची शर्यत तर तब्बल ४० सेकंदांनी जिंकली. तीन ऑलिंपिक मिळून सात पदकं. त्याचं हिमोग्लोबिन २० च्या वर असायचं आणि त्यावरून तो रक्तात काही तरी घालतो अशी कुजबुज होती. पुढे अल्बेर दे ला शापेल यांच्या गटाने त्याच्या नातेवाइकांना तपासलं. ९७ जणांपैकी २९ जणांचं हिमोग्लोबिन असंच चढलेलं निघालं. १९९३ मध्ये कारण छापलं गेलं. एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरच्या जनुकात एक अक्षर बदललं होतं, आणि त्या अक्षराने ‘इथे थांब’ अशी खूण तयार झाली होती. प्रथिन ७० अमिनो आम्लं आधीच तुटत होतं. तुटलेला तुकडा नेमका तो, ज्यावर एसएचपी-वन येऊन बसतं. निरोप यायचा तो मूत्रपिंडाकडूनच, पण एकदा आला की लवकर शांत होत नव्हता. थोड्या एरिथ्रोपोएटिनवर पुष्कळ लाल पेशी.

त्या घरातली ही माणसं धडधाकट होती. मेंटिरांटा २०१३ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी गेला.

मग गुरुजींना धोका का? निरोप-यंत्रणा तीच, जास्त चालणं तेच, तरी एकाला पदकं आणि दुसऱ्याला अर्धांगवायूची भीती. हा फरक समजायला पॉलिसिथेमिया व्हेराची गोष्ट थोडी मागून सांगावी लागते. गुरुजींच्या आजाराचं नाव ते. पॅरिसच्या लुई व्हाकेझ यांनी १८९२ मध्ये त्याचं वर्णन केलं, १९०३ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी त्याला ठळक ओळख दिली. कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. १९७४ मध्ये टोरोंटोत यारोस्लाव्ह प्रखल आणि आर्थर अ‍ॅक्सेलराड यांनी अशा रुग्णांच्या मज्जेतल्या पेशी बशीत वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींना लाल पेशींच्या वसाहती करायला एरिथ्रोपोएटिन घालावं लागतं. या रुग्णांच्या पेशींनी ते न घालताच वसाहती केल्या. रुग्णांच्या रक्तातही एरिथ्रोपोएटिन अगदी कमी असतं. गुरुजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं. पुरे झालं हे मूत्रपिंडाला केव्हाच कळलेलं असतं आणि त्याने निरोप थांबवलेलाही असतो. मज्जेतल्या त्या पेशींना निरोपाची गरजच उरलेली नसते.

उरलेलं अर्धं उत्तर यायला ३१ वर्षं गेली. २००५ मध्ये पॅरिसजवळच्या व्हिलजुइफमध्ये विल्यम व्हेंशेंकेर, केंब्रिजमध्ये टोनी ग्रीन, बासेलमध्ये राडेक स्कोडा आणि बॉस्टनमध्ये गॅरी गिलिलँड अशा चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी एकच गोष्ट सांगितली. जॅक-टूच्या ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन बसलेलं असतं. डीएनएचं एक अक्षर, जी च्या जागी टी. आणि ही जागा कुठली? त्या दाबून धरणाऱ्या भागातली. पकड ढिली पडते आणि जॅक-टू आपलाच आपण जागा राहतो. पॉलिसिथेमिया व्हेराच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत हा एकच बदल सापडतो. एखाद्या कर्करोगात इतकी एकवाक्यता फार विरळा. गुरुजींची तपासणीही पुण्याला पाठवली, ती पॉझिटिव्ह आली.

फरक इथे आहे. फिनलंडच्या त्या कुटुंबात बिघाड एका रिसेप्टरच्या टोकाला होता आणि तो रिसेप्टर लाल पेशींच्याच कामाचा, म्हणून लाल पेशीच वाढल्या. जॅक-टू मात्र एकट्या एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरचं नाही. थ्रॉम्बोपोएटिन आणि जी-सीएसएफच्या रिसेप्टरच्या शेपटालाही तेच चिकटलेलं असतं. म्हणून गुरुजींच्या कागदावर तिन्ही आकडे एकदम चढले. शिवाय हा बदल मज्जेतल्या एका मूळ पेशीत घडलेला असतो. तिची संतती इतरांना मागे सारत मज्जा व्यापत जाते आणि त्या संततीत पुढे आणखी बदल साठू शकतात. काही रुग्णांत वर्षानुवर्षांनी मज्जेत जाळं धरून ती घट्ट होते, थोड्यांत तीव्र ल्युकेमिया होतो. नुसत्या जास्त रक्ताला कर्करोग म्हणायचं ते या कारणाने.

याच घरातले आणखी आजार आहेत. नुसत्या प्लेटलेट वाढतात त्या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांत हाच जॅक-टू सापडतो. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांत कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन बिघडलेलं असतं. हे २०१३ मध्ये समजलं. ते बिघडलेलं प्रथिन थ्रॉम्बोपोएटिनच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि त्याला सतत जागं ठेवतं. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या सुमारे चौथाई रुग्णांत एफएलटी-थ्री या रिसेप्टरचा एक तुकडा दुहेरी झालेला असतो. या रिसेप्टरला जॅक-टूची गरज नाही, त्याचं एंझाइम त्याच्याच अंगात असतं. आणि दुहेरी होतो तो तुकडाही त्या एंझाइमला आवरून धरणारा. २०१७ पासून त्यावर मिडोस्टॉरिन हे औषध किमोच्या जोडीने मिळतं.

गुरुजींचा उपचार ऐकून घरच्यांना धक्का बसला होता. रक्त काढून टाकायचं. ब्लड बँकेत रक्तदानासारखंच झोपवून पिशवीभर रक्त काढतात, फक्त ते कुणाला देत नाहीत. सोबत कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन, आणि वय साठीपुढचं असेल किंवा आधी गुठळी झाली असेल तर हायड्रॉक्सियुरिया. हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवायचं. ४५ हा आकडा अंदाजाने ठरलेला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात ३६५ रुग्णांचे दोन गट केले होते. ४५ च्या खाली ठेवलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा मोठी गुठळी झाली २.७ टक्के जणांना, ४५ ते ५० च्या दरम्यान ठेवलेल्यांत ९.८ टक्के जणांना.

एक गोष्ट कळकळीने सांगते. वारंवार रक्त काढल्याने या रुग्णांचं लोह कमी होतं. तसं व्हायलाच हवं असतं, लोहाशिवाय लाल पेशी वाढू शकत नाहीत. मग कुणी तरी फेरिटिन कमी पाहून लोहाचं टॉनिक देतं, नाहीतर घरातलीच माणसं प्रेमाने सुरू करतात, आणि हिमॅटोक्रिट भराभर चढतं. रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका. आणि पुरुषाचं हिमोग्लोबिन १६.५ च्या, बाईचं १६ च्या वर वारंवार येत असेल, तर कारण विचारा. बहुतेकांना हा आजार नसतोच. धूम्रपान, फुप्फुस, झोपेतला श्वास, अंगातलं पाणी कमी होणं, यांपैकी काही तरी निघतं. पण विचारलं पाहिजे.

जॅक-टूवरचं पहिलं औषध रुक्सोलिटिनिब. अमेरिकेत २०११ मध्ये मज्जा घट्ट होण्याच्या आजारासाठी आणि २०१४ मध्ये पॉलिसिथेमिया व्हेरासाठी त्याला मान्यता मिळाली. वाढलेली प्लीहा ओसरते, खाज जाते, माणसाला पुन्हा झोप लागते. पण ते जॅक-टूच्या काम करणाऱ्या भागावर बसतं, आणि तो भाग चांगल्या व बिघडलेल्या दोन्ही जॅक-टूमध्ये सारखाच असतो. त्यामुळे निरोगी पेशींचाही निरोप दबतो, आणि बिघडलेल्या पेशींची संतती मात्र सहसा नाहीशी होत नाही. इंटरफेरॉन ती काही जणांत बरीच घटवतं. बिघडलेल्या कॅलरेटिक्युलिनवरच बसणारी प्रतिद्रव्यं सध्या रुग्णांवर तपासली जात आहेत. चांगल्या पेशींना हात न लावता वाईट पेशी वेचून काढण्याचा हा मार्ग मला सगळ्यात आशेचा वाटतो.

गुरुजींची मुलगी नंतर एकटी येऊन भेटली. “मॅडम, हे आम्हा भावंडांनाही होईल का?” फिनलंडच्या त्या कुटुंबातला बदल जन्मतः प्रत्येक पेशीत होता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या उतरला. गुरुजींचा बदल त्यांच्या मज्जेतल्या एका पेशीत झाला, तो बीजात नाही, त्यामुळे तो मुलांकडे जात नाही. मात्र असा बदल घडून येण्याची प्रवृत्ती काही घरांत इतरांपेक्षा जास्त असते. रक्ताच्या नात्यात धोका पाच ते सात पटींनी जास्त आढळला आहे. मुळात आजार विरळ असल्याने पाच-सात पट वाढूनही तो कमीच राहतो. मी तिला हेही सांगितलं, की केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये काही रुग्णांच्या पेशींची वंशावळ मांडली, तेव्हा जॅक-टूमधला बदल कित्येकांत आईच्या पोटात किंवा लहानपणीच झालेला निघाला. बदलापासून निदानापर्यंत सरासरी ३० वर्षं गेली होती. म्हणजे विहिरीचं पाणी, कढत आंघोळ, गुरुजींनी खाल्लेलं किंवा न खाल्लेलं काही, यांपैकी कशालाच दोष द्यायला नको. तिने दोघा भावांची वर्षातून एकदा सीबीसी करायचं ठरवलं आणि जाताना स्वतःचंही रक्त देऊन गेली. तिचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. तिला मात्र लोहाच्या गोळ्या लिहून देण्यासाठी डॉक्टरांकडे पाठवलं.